वादीतल्या मॅनेजरबाई

आता सांगूनच टाकते. वन्सं तिकडे ठाण्यात आहेत, त्यामुळे इथलं बोलणं त्यांच्या कानावर जायची भीती नाही. आणि गेलंच, तर तुमच्यातलंच कुणीतरी फितूर आहे असं मी धरून चालेन!

तर त्या हिवाळ्यात माझी मोठी नणंद, सुमनवन्सं, आमच्याकडे शारजाला आल्या. वन्संना एखादी गोष्ट आवडली तरी त्या तसं म्हणत नाहीत. मॉल दाखवला, "आमच्याकडेही आता होतायत असले." समुद्र दाखवला, "समुद्र काय, दादरला पण आहे." माझ्या बिर्याणीला म्हणाल्या, "मसालेभात बरा झालाय." मी मनाशी पण केला, या बाईच्या तोंडून एकदा तरी 'छान' काढायचंच. बाकी मला आयुष्याकडून काही नको होतं.

वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. डोंगरातल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या खोऱ्यात, कॅम्प होता. तंबू होते, कॅरॅव्हॅन होती आणि मुख्य म्हणजे पाळीव प्राणी चालत होते. आमची चिकू पॉमेरेनियन, तिला एकटं कुठे ठेवणार? मी फोन केला, शाकाहारी जेवणाचं दोनदा बजावलं आणि वन्संना सांगितलं, "सगळं मी अरेंज केलंय. तुम्ही फक्त आरामात बसायचं."

गुरुवारी दुपारी आम्ही निघालो. मी, माझा नवरा प्रकाश, मुलगी सई, वन्सं आणि वन्संच्या मांडीवर जायला धडपडणारी चिकू. डांबरी रस्ता संपला, गोटे सुरू झाले, मोबाइलची रेंज गेली. एक वळण घेतलं आणि समोर तीन तंबू, एक पांढरी कॅरॅव्हॅन, खजुराची झाडं आणि पाण्याचा लहानसा डोह!

"आलो!" मी म्हणाले.

"बोर्ड कुठे दिसत नाही," प्रकाश म्हणाला.

"एवढे तंबू दिसतायत, बोर्ड कशाला हवाय तुला?"

मोठ्या तंबूतून एक वयस्क अरबी बाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर तो सोनेरी झाक असलेला, मुखवट्यासारखा जुन्या पद्धतीचा बुरखा, मागे दोन तरुण मुली. "अहलन, अहलन!" म्हणत त्यांनी आम्हाला आत बसवलं, खजूर पुढे केले, छोट्या कपांतून कॉफी ओतली. मी वन्संच्या कानाशी लागले, "बघा, खरा लोकल स्टाफ आहे! तो पोशाख पण टुरिस्टांसाठी. असे कॅम्प शोधावे लागतात."

अहो, इतकी वर्षं या देशात काढलेली बाई मी! इथे हॉटेलांत कामाला सगळे आपल्यासारखे परदेशी; अशा ठिकाणी इथली म्हातारी लोकल बाई आपल्याला कॉफी ओतून देते, यातच माझ्या डोक्यात दिवा पेटायला नको होता? पण नाही. आमच्या डोक्यात वन्संशिवाय कुणाला जागाच नव्हती.

"तुम मॅनेजर?" मी विचारलं.

बाईंना हिंदी येत होतं. त्या खळखळून हसल्या. "हां, हां. इधर मैं मॅनेजर!"

झालं. मला अधिकृत माणूस सापडलं!

तेवढ्यात चिकू सुटली आणि थेट गालिच्याच्या मधोमध जाऊन लोळली. दोन्ही मुली झगे सावरत कोपऱ्यात पळाल्या. एक हळूच म्हणाली, "मॅडम, कुत्ता बाहर..."

"नो, नो! फोन पे बोला था. पेट्स अलाउड!"

मॅनेजरबाईंनी एकदा चिकूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मोठा श्वास घेतला आणि 'राहू दे' अशी हाताने खूण केली. कोपऱ्यातला नमाजाचा गालिचा तेवढा त्यांनी गुपचूप उचलून बाहेर नेला. आणि मी काय म्हणावं? "हां, उसको भी अच्छा झटकके लाओ."

मग मला जोरच चढला. कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन चादरी तपासल्या आणि त्या दोघी मुलींकडून बदलून घेतल्या. बाथरूम पुन्हा धुवायला लावलं. रात्री भलं मोठं ताट आलं, भातावर मटणाची अख्खी तंगडी. मी ते परत पाठवलं! "हम लोग वेजिटेरियन. फोन पे बोला था." बिचाऱ्यांनी गरम रोट्या, दही, मध, जे होतं ते आणलं. त्यावर मी त्यांच्या चुलीपाशी बसून त्या मुलींना वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवलं, आणि कांदा जाड चिरला म्हणून रागावले सुद्धा.

प्रकाश बाहेर बाईंच्या मुलाबरोबर शेकोटीपाशी होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "माधवी, मला हा कॅम्प वाटत नाही गं. तो सालेम मला नोकरीचं विचारतोय, आईवडिलांचं विचारतोय. बुकिंगचं काही बोलतच नाही."

"त्याला कस्टमर सर्व्हिस म्हणतात! तुला काय कळतंय?"

सकाळी वन्सं कॅरॅव्हॅनमध्ये आवराआवर करत होत्या आणि एक पिकअप खडखडत आली. मिशीवाला मल्याळी माणूस उतरला. "शारजा का माधवी मॅडम? हम कल से वेट करता है! अपना कॅम्प तो अगला वादी में. ये तो इन लोग का फॅमिली टेंट है, अम्मा, बेटा, बहू लोग, सब छुट्टी में आता है."

चादरी, बाथरूम, मटण, कांदा, सगळं एकदम आठवलं. त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात शिरून मी त्यांच्याच सुनांना कामाला लावलं होतं! इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी बाईंचे हात धरले. "अम्मा, आपने बोला क्यों नहीं?"

"मेहमान आया. मेहमान को बोलेगा, तुम गलत जगह आया? ऐब! शरम का बात!"

"लेकिन मैंने आपकी बहुओं को कितना..."

"बहुत अच्छा किया! मैं बोलता, कोई नहीं सुनता. तुम बोला, सब एकदम साफ. यल्ला, चलो, एक हफ्ता और रहो."

एवढ्यात वन्सं पर्स घेऊन येताना दिसल्या. हे वन्संना कळलं असतं, तर ठाण्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात माझी पूजा बांधली गेली असती. "अम्मा, प्लीज, उनको मत बताना!"

"कौन है? सास?"

"ननद."

बाईंनी वन्संना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मेरा भी है," त्या हळूच म्हणाल्या. "तीन."

वन्संनी पर्स उघडली, वीस दिरहमची नोट काढली आणि बाईंच्या हातात कोंबली. "ये लो बाई. मिठाई खाना."

मी ओरडणारच होते. आपली अब्रू राखायला या बाईंना वेटर करायचं? तोंड उघडलं सुद्धा. पण त्यांनी माझा हात दाबला, नोट कपाळाला लावली आणि अदबीने वाकल्या. "शुक्रिया, मॅडम. फिर आना."

गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि वन्सं म्हणाल्या, "छान होतं हं."

ऐकलंत? छान! मी मनातल्या मनात गुढी उभारली.

"पण माधवी, एक बोलू? तू त्या म्हाताऱ्या बाईला फार तोडून बोलत होतीस गं. मला बघवेना, म्हणून मी पैसे दिले. कॅम्प असला म्हणून काय झालं? कुठेही गेलं तरी माणसानं कुणाच्या घरी पाहुणं म्हणून आल्यासारखं वागावं."

प्रकाशला एकाएकी खोकला आला. मागून सई म्हणाली, "मॉम, आत्या हॅज अ पॉइंट."

आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी खाली मान घालून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, वन्सं."