साडूंचे जपानी दार

अमेरिकेतल्या ट्रॉयसारख्या गावात राहून आणि मोटारीच्या कंपनीचे मीठ खाऊन जपानवर प्रेम करण्याचा निलाजरेपणा आमच्या साडूंइतका दुसऱ्या कोणी केला असेल, असे मला वाटत नाही. जपानी गाड्यांनी त्यांच्या कंपनीच्या तोंडचा घास पळवला, म्हणून त्या गाड्यांना कंपनीच्या आवारात कोणी उभे करीत नसे. सदर गृहस्थ मात्र त्याच आवारात, कंपनीच्याच गाडीत बसून, डबा खाता खाता एका जपानी सिनेमावाल्याचे चरित्र वाचीत. "गाड्यांचा राग माणसांवर कशाला, वकीलसाहेब?" असे वर मलाच विचारीत. मी वकील नाही. नागपूरला तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत असे, येथे आपल्या लोकांचे लिहून देतो, आणि माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम आजवर कोणी हलवलेला नाही. साडूंच्या तोंडी तो शब्द सन्मानाचा नसे, हे नमूद करणे भाग आहे.

कंपनीत त्यांचे काम दारांचे. गाडीचे दार लावले की आवाज कसा यावा, या एवढ्या प्रश्नावर या विद्वानाने नोकरीची सारी वर्षे घालवली. त्यामुळे ते कोणाकडेही गेले की आधी कपाटाचे, मग फ्रिजचे, मग बाथरूमचे दार उघडून-मिटून पाहत आणि यजमानाची तब्येत मागाहून विचारीत. आमच्या घराच्या वास्तुशांतीला पंचपक्वान्ने जेवून त्यांनी अभिप्राय दिला, तो एवढाच: "दार रागावलेलं आहे." आमच्या सौभाग्यवतींनी तो सहा महिने मनाला लावून घेतला. आपल्या बहिणीच्या नवऱ्याला बोलायचे नाही, म्हणून ती दाराला तेल घालीत राहिली.

या वेडातूनच तो जपानी त्यांना सापडला. त्याची हकिकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्याच्या वारसांचा दाखलासुद्धा लिहून देऊ शकेन. पोरवयात तो स्टुडिओत दिवे उचलू लागला. महायुद्धात स्टुडिओ जळाला. युद्ध संपल्यावर जळक्या वाशांतून सेट उभारून त्याने पहिले चित्र काढले आणि ते गाजले. तदनंतर, माझ्या नम्र मते, त्याने जन्मभर तेच एक चित्र निरनिराळ्या नावांनी काढले: एक घर, घरात एक बाप, आणि घर सोडून जाणारे कोणीतरी. जाणारा गेला, दार सरकले, की कॅमेरा त्या बंद दाराकडे पाहत बसे. पुढे रंगीत जमाना आला, तरुणांनी त्याला शिळा ठरवले, स्टुडिओने हात आखडला आणि तो कामाविना वारला. मेल्यावर परदेशी लोकांना तो थोर वाटू लागला, आणि आता विद्यापीठांतून त्या बंद दारावर प्रबंध लिहिले जातात म्हणे. "बाकीचे दिग्दर्शक जाणाऱ्याबरोबर बाहेर पडतात," साडू म्हणत, "हा एकटा आत थांबतो." त्यावर मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणे, "मग तुम्हीही थांबा. मी मेथी घेऊन येते." त्यांची मुलगी दूर बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये. ती फोनवर "बाबा, प्लीज, नॉट द डोअर अगेन" म्हणे आणि आईला बोलवायला सांगे.

अशा माणसाची आयुष्यात मागणी एकच होती. आपल्या माणसांनी त्या जपान्याचे एक चित्र शेवटपर्यंत पाहावे. दरवर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीकडे मी त्यांचा विनंतीअर्ज लिहून देई, आणि दरवर्षी "दिवाळीत रडका सिनेमा नको यार" असे तोंडी उत्तर मिळे. एका वर्षी शिकागोहून येणारा ऑर्केस्ट्रा ऐनवेळी कॅन्सल झाला, तेव्हा कुठे जेवणाआधीची वेळ यांच्या पदरात पडली.

पडद्यावरची खालची इंग्रजी अक्षरे आपल्या लोकांना वाचत बसावी लागू नयेत, म्हणून साडू पडद्याशेजारी माइक धरून उभे राहिले आणि बाप, मुलगी, आत्याबाई सगळे स्वतःच मराठीत बोलू लागले. साठीतला टक्कल पडलेला इंजिनिअर लाजऱ्या मुलीच्या आवाजात बोलतो, हे दृश्य सभ्य माणसाने पाहण्यासारखे नव्हते. परंतु "बाबा, मी गेल्यावर औषध कोण देईल तुम्हाला?" असे ती म्हणाली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन काकूंनी रुमाल काढले, हे मी नाकारीत नाही.

मग मुलगी गेली आणि दार लागले. साडूंनी माइक खाली घेतला. पडद्यावर नुसते दार. हॉलच्या मागून मसालेभाताचा वास येऊ लागला होता.

"अडकली वाटतं डीव्हीडी," कोणीतरी म्हणाले.

"संपला असेल रे. दिवे लाव."

दिवे लागले. अध्यक्षा डॉक्टरीणबाईंनी साडूंच्या हातातून माइक हळूच काढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू केले: हॉलवाले, केटरर, सतरंज्या घालणारे आणि सरतेशेवटी "आपले दारवाले काका". टाळ्या झाल्या, रांग लागली. उजेडात पडदा पांढरा दिसत होता आणि त्यावर चित्राचा शेवट कोणी न पाहता चालला होता. साडू त्याच्याकडे तोंड करून उभे होते. मी म्हणालो, "साडूभाऊ, प्लेट आणू?" ते म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या." मेहुणीच्या हातात दोन रिकाम्या प्लेटा होत्या. ती रांगेत गेली नाही.

दोन हजार आठ साली कंपनीने माणसे कमी केली. त्यांत दारवाले आधी. घर विकून दोघे मुलीकडे बेलव्ह्यूला निघाले. ब्रोकरला द्यायची किल्ली माझ्याकडे ठेवली. साडू गाडीत बसत असताना मी विचारून घेतले, "त्या दारानंतर होतं तरी काय?"

"काही होत नाही, वकीलसाहेब. तेवढंच पाहायचं होतं."

त्यांनी गाडीचे दार लावले. आवाज मऊ आला. गाडी वळणावर गेली तरी मी तिथेच. मग रिकाम्या घरात शिरून मी दार लावले आणि आत उभा राहिलो. आभार मानायला कोणी उठले नाही.