समुद्राकाठचं धान

ढवळे बाई नसत्या तर आमच्या घरात पदवी आली नसती. चामोर्शीच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. सातवीत किनारपट्टीचा धडा चालू असताना मी विचारलं होतं, "बाई, समुद्राचं पानी खारं. मंग तिथी धान मरत काऊन नाई?"

बाई म्हणाल्या, "मले माहीत नाई. मी समुद्र पाह्यलाच नाई. तू जाऊन पाय अन् मले लिव."

यंदा बाई निवृत्त होणार. दिवाळीनंतर तो धडा त्या शेवटच्यांदा शिकवणार. म्हणून ऊर्जानगरच्या नोकरीतून चार दिवस सुटी काढली आणि बल्लारशाहून मुंबईची गाडी धरली.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. बाई फळ्यावर समुद्र निळ्या खडूने काढायच्या. हा तर पुरातल्या वैनगंगेसारखा गढूळ! वाऱ्याने माझी टोपी त्यालाच वाहिली.

रेवसला मासळीची टोपली उतरत होती. बाहेर नारळ, सुपारी, मुंबईकरांचे बंगले, आणि पुढे पिवळी पडलेली शेतं. बांधावर विळा घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

"भात बघाला आलास?"

"नाही मावशी, मी जेवून आलो."

त्या खो-खो हसल्या. "अरं, ह्यो उभा भात!"

"आमच्याकडे याला धान म्हणतात. भात ताटात असतो."

"म्हंजी शिजल्याबिगर तुमी त्याला वलखतच नाय!"

मी बाईंचा प्रश्न विचारला. मावशींनी मला उघाडी (बांधातलं लाकडी दार) दाखवली. भरतीचं पाणी दाबतं तेव्हा ती आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं.

"पयल्या पावसान् जमिनीचा मीठ धुवून जातो, मंग पेरनी."

"आणि बांध फुटला तर?"

त्यांचं हसू थांबलं. "मंग दोन-तीन वर्सां भात नाय. म्हनून फुटला की अख्खा गाव चिखल घेऊन धावतो."

मावशींनी आग्रहाने घरी जेवायला नेलं. जेवणात त्यांच्या तळ्यातला जिताडा (खाडीचा मासा) होता. निघताना त्यांनी ओंजळभर धान बांधून दिलं. परतीच्या गाडीत वाटलं, आमच्याकडे बोडी (छोटं तळं) पाणी धरून ठेवते, तिथे बांध खारं पाणी बाहेर अडवतो. चिखलातले हात मात्र सारखेच. घरी पोचताच पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई, उघाडीचं चित्र कागदाच्या मागे काढलं आहे. समुद्र मातकट खडूने काढा. सोबत तिथलं धान पाठवतो. पोरांना एकेक दाणा चावून पाहू द्या. मी पाह्यला. खारट लागत नाई."