ओवाळणीचं कार्ड

दादा मला फसवेल असं कधी वाटलंच नव्हतं, असं लिहायला बसले की माझंच मला हसू येतं. लहानपणी तो कॅरमची राणी मांडीखाली दडवायचा. पण ते कॅरम होतं.

आमच्या लोहारा गावातल्या घरातला कॉम्प्युटर त्यानंच कॉलेजात असताना जोडला. सोलापुराहून एकेक भाग आणला आणि पलंगावर पसरून स्वतःच्या हातानं बसवला. अभ्यासासाठी, असं आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. गेम खेळण्यासाठी, हे आबांनाही ठाऊक होतं. तो बंदुकांचे गेम खेळायचा, मी ट्रकचा. ट्रकात माल भरायचा आणि परदेशातल्या रस्त्यांवरून या गावचा त्या गावी पोचवायचा, एवढंच त्यात. आबा माझ्या खुर्चीमागं बसायचे. एसटीचे ड्रायव्हर, सगळी नोकरी सोलापूरच्या रस्त्यावर गेलेली, त्यामुळं माझं काहीच त्यांना पटायचं नाही.

"वळणावर कुणी गेअर टाकतं का गं? तुळजापूरच्या घाटात असतीस तर सगळं पॅशिंजर घेऊन खाली गेली असतीस."

खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजायची, तशी कॉम्प्युटरचीही पूजा व्हायची. त्यातही आबांचा नियम होता. पूजा इंजिनाची करायची, पत्र्याची नाही. डेपोत ते बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचे. त्यांनी दादाला कॉम्प्युटरची पेटी उघडायला लावली आणि विचारलं, "ह्यात इंजिन कुठलं?" दादानं ग्राफिक्स कार्ड दाखवलं. पडद्यावरचं चित्र पळवतं ते हे, असं समजावलं. आबांनी आधी हळद, मग कुंकू, पंख्याशेजारच्या काळ्या कडेवर असं काही दाबून लावलं की दादा ओरडलाच, "आबा, पंख्यात जाईल!"

मग दादाला पुण्यात नोकरी लागली. पेटी उघडायची मला भीती वाटायची, म्हणून पुढं दर खंडेनवमीला मी बाहेरच्या पत्र्यालाच कुंकू टेकवत राहिले. आबा कुरकुर करायचे.

दादा पुण्याला गेला आणि थोड्याच दिवसांत गेम अडखळायला लागला. फोन केला तर म्हणाला, "म्हातारं झालंय गं ते आता. सेटिंग कमी कर." मी कमी केलं. आधी सावल्या काढल्या, मग पाऊस, मग झाडांची पानं. तरी धाप लागल्यागत चालायचं. शेवटी चित्रच इतकं धुरकट ठेवावं लागलं की रस्त्याकडेच्या पाट्या अगदी अंगावर येईस्तोवर वाचता येईनात. जुनं झालं की असंच होणार, मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर त्या पेटीची मला मायाच यायला लागली होती.

आबांना मात्र वाटलं, आपले डोळे गेले.

"आबा, मलापण न्हाय दिसत," मी दहादा सांगितलं. मी त्यांचं मन राखायला म्हणते अशी त्यांची समजूत. मग त्यांनी दादाला फोनवर विचारलं. दादानं म्हणावं काय, तर "वय झालं आबा. तपासून घ्या." डोळ्याच्या डॉक्टरांनी वाचायचा साधा चष्मा दिला, बाकी नजर चांगली आहे म्हणाले. पण दादाचा शब्द डॉक्टरांपेक्षा मोठा ठरला. एके दिवशी आबा शेतातून आले, मोटारसायकलची चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आता न्हाय चालवायची. कुणाच्या तरी अंगावर घालायचो मी." त्यानंतर ते माझ्या खुर्चीमागंही बसेनात. जन्मभर गाडी चालवलेला माणूस दुपारभर ओसरीवर नुसता बसून राहिलेला बघवत नव्हता.

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं मी ठरवलं ते यासाठी. शिकवण्या घेऊन मिळवलेले पैसे बाजूला टाकले. आपल्या पेटीला वीज पुरेल का, कार्ड आत मावेल का, जुन्या प्रोसेसरला ते पेलेल का, सगळं शिकले. विषय निघाला की दादा फोनवर मोठ्या आपुलकीनं बोलायचा. मात्र प्रत्येक वेळी एक गोष्ट बजावायचा: "पेटी उघडू नको, काहीतरी तुटंल. मापं मी सांगतो की." आणि मग दिवाळीच्या तोंडावर म्हणाला, "घेऊच नको तू. मी माझं बदलतोय. माझं हाय ते तुला भाऊबीजेला देतो."

मी भेटेल त्या मैत्रिणीला सांगत सुटले, भाऊ असावा तर असा.

भाऊबीजेला ओवाळलं. त्यानं तबकात खोकं ठेवलं, मी वाकून नमस्कार केला. जेवून तो मित्रांकडं गेला. मला दम कुठला! मी स्क्रू काढले, पेटी उघडली. आतल्या कार्डावर धूळ होती, पण हळदकुंकू नव्हतं. निघून गेलं असेल, मला वाटलं. मग खोक्यातलं कार्ड हातात घेतलं. पुसून लख्ख केलेलं होतं. फक्त पंख्याशेजारच्या कडेच्या खाचेत, जिथं फडकं पोचत नाही तिथं, पिवळं आणि त्यावर लाल वाळून बसलं होतं.

आमचंच कार्ड होतं ते. पुण्याला जाताना त्यानं ते काढून नेलं होतं आणि त्याच्या जागी कुठलंतरी फडतूस बसवून ठेवलं होतं.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. ज्याला मी नमस्कार केला त्यानं माझीच वस्तू मला ओवाळणीत घातली होती.

तो आला तेव्हा मी दोन्ही कार्डं पलंगावर मांडून बसले होते.

"हे आपलंच हाय, दादा."

"काय बी बोलतीस." मी खाच दाखवली. त्यानं नखानं खरवडून बघितलं आणि पलंगाच्या कडेला टेकला. "पुण्यात लागत होतं गं मला. तू नुसते ट्रक चालवतीस. त्यात आज ना उद्या सासरी जाणार. तुला काय कळणार हुतं? आन् आता दिलं की परत."

"आन् आबांचे डोळे?"

त्यानं खाचेवरून परत एकदा नख फिरवलं.

"मी सांगणार न्हाय. आज तू सांगायचं, तुझ्या तोंडानं."

त्यानं मान हलवली. मी विश्वास ठेवला, हे आता लिहितानाही लाज वाटते.

कार्ड बसवलं. सावल्या परत आणल्या, पाऊस, झाडांची पानं, सगळं. आबांना हाताला धरून आणलं. ट्रक हमरस्त्याला लागला. लांबवर एक पाटी आली आणि आबा मागून म्हणाले, "अठ्ठेचाळीस किलोमीटर." पुढची पाटी त्याहून लांबून वाचली. तिसरीला त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"म्हंजे माझे डोळे बरे हायत?"

मी दादाकडं बघितलं.

"बरेच हायत की आबा," दादा म्हणाला. "मशीनच म्हातारं झालं हुतं."

ना मशीन म्हातारं झालं होतं, ना आबा. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "तुमच्यासाठीच तर आणलं, आबा."

कार्ड नेलं ते मी एक वेळ विसरेन. हे वाक्य विसरणार नाही.

आबांनी खिळ्यावरची चावी काढली. दादाला मागं बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आले, ते पंचविशीतल्या पोरासारखे घरात शिरले. आणि दारातूनच मला म्हणाले, "शिक जरा भावाकडनं. घरात तू असतीस, पण माझं दुखणं त्याला पुण्यातनं कळलं."

मी दादाकडं बघत राहिले. तो उंबऱ्यापाशी वाकून चपला काढत होता, आणि चपलांच्या एका जोडाला इतका वेळ लागत नाही.