गाडीतच बसलेले कोच

आमचे हे गोल्फ शिकवतात. "म्हणजे नक्की काय करतात?" असं लोक मला लग्नापासून विचारतायत. मी सांगते, लोकांच्या पाठीमागे उभे राहतात.

खोटं नाही ते. माणूस चेंडू मारायला सरसावला की हे मागे जाऊन उभे. टाच कधी उचलली, खांदा कधी वळला, श्वास कुठे अडकला, सगळं पाहतात आणि दिवसाला एकच गोष्ट सांगतात. "दोन सांगितल्या तर तो चेंडू मारायचं सोडून माझं बोलणं आठवत बसेल," हे त्यांचं शास्त्र. गुडघे धरून चालणाऱ्या साठीच्या बाईंनाही त्यांनी झकास खेळायला शिकवलंय.

पोटच्या पोरीच्या वेळी मात्र हे शास्त्र कुठे गेलं कोण जाणे. जेवताना मनगट, गाडीत खांदा, दात घासताना कोपर! मी डोळे वटारायची, उपयोग शून्य. लांबचे फटके ती सुरेख मारायची, पण चेंडू घालायचा तो होल दोन हातांवर आला की तिचे हात आखडायचे. अशा तीन स्पर्धा गेल्या. तिसरीनंतर ती म्हणाली, "बाबा, राज्य संघाच्या निवड स्पर्धेतही असंच झालं तर मी खेळणं सोडणार."

तो आठवडा ह्यांना घास गोड लागला नाही. मग एके दिवशी त्यांनी मैदानावरच्या माळ्याला गुपचूप कामाला लावलं. हे मागे उभे असताना तिचे दहा छोटे फटके मोजायचे, आणि हे चहाला गेले की आणखी दहा. माळ्याने कागद आणून दिला. ह्यांच्यासमोर सहा चुकले होते. ह्यांच्या गैरहजेरीत एकच.

कागद माझ्या हातात देत म्हणाले, "घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. तिच्या मनगटात काही नाही गं, मीच आडवा येतोय." डोळे भरले होते त्यांचे. मला इतकी माया आली की टोमणासुद्धा सुचला नाही.

निवड स्पर्धेच्या सकाळी तिला फाटकाशी उतरवलं आणि हे गाडीतच बसून राहिले. "जा बाळा. मी इथेच आहे." तिने दोनदा वळून पाहिलं. चार तास! आतून टाळ्या ऐकू आल्या की ह्यांचा हात दाराच्या हँडलवर जायचा आणि मी तो ओढून परत मांडीवर ठेवायची.

ती आली ती पळतच. "बाबा, झाली निवड! शेवटचा फटका दोन हातांवरचा होता, आणि गेला!" मग मागच्या सीटवर बसून पहिल्या होलपासून सांगायला लागली. पाय कसा सरकला, घाई कशी झाली. तिच्या बोलण्यात मलासुद्धा तीन चुका कळल्या. ह्यांना तीस कळल्या असतील.

हे गाडी सुरू न करता तिच्याकडे वळून बसले आणि म्हणाले, "मग?"