वरच्या फळीवरचा डबा

त्या बुधवारी मी रजेवर होते. आक्का यायची होती म्हणून मी सकाळीच पडवळ चिरून भाजी टाकली होती, आणि चहाचं आधण आत्ताच ठेवावं की ती दारात दिसल्यावर ठेवावं, एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता. पोलादपूरहून येणारी तिची एसटी कधी वेळेवर आली तर नवल. तेवढ्यात फोन वाजला. तिची शेजारीण होती. "ताई, आक्का दार उघडत नाय..." एवढं बोलून ती थांबली, आणि पुढचं तिच्याच्याने बोलवत नाही हे मला समजलं. माझी बहीण झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं, शुगरने ते आतून पोखरलंच होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी गॅस बंद केला. रडू यायच्या आधी मला राग आला. खरंच सांगते, राग आला. इतकी वर्षं जिच्या तोंडावर मी पहारा दिला, ती बाई मला न विचारता निघून गेली होती.

आक्का म्हणजे सुमन, आम्हा भावंडांत थोरली. तिच्यानंतर प्रकाश, तो दासगावला शेती बघतो, आणि शेंडेफळ मी, महाडला एका शाळेच्या कार्यालयात कारकून. प्रकाश आणि मी आईवर गेलो, बुटके. आक्का वडिलांवर गेली होती, उंच आणि लांब हातांची. शिवथरच्या खोऱ्यात ती शिक्षिका होती तेव्हा भिंतीवर नकाशा टांगायला तिला खुर्ची लागत नसे, याचं पोरांना फार कौतुक होतं. लहानपणी आमच्या घरात बुद्ध पौर्णिमेची खीर सोडली तर गोड म्हणजे फक्त गूळ, आणि तो असायचा आईने वरच्या फळीवर ठेवलेल्या मडक्यात. आई कामाला गेली की प्रकाश आणि मी फळीखाली उभे राहून तिच्या मागे लागायचो, "आक्का, काढ गो!" मग ती टाचा उंच करून हात वर घालायची आणि आमच्या तळहातांवर एकेक खडा ठेवायची. स्वतः नुसती बोटं चाटायची. "जास्त काढला तर आईला कळंल," म्हणायची. आईला तसंही कळायचंच. मडक्यातला गूळ ती हाताने सारखा करून ठेवायची, त्यामुळे कोणी हात घातला की लगेच दिसायचं. आणि हात पोचणारी घरात एकटीच असल्यामुळे मारही एकटीलाच पडायचा.

मोठी झाले की रोज गोड खाणार, हे तिने त्याच वयात जाहीर करून टाकलं होतं, आणि शब्दाला ती पक्की निघाली. पहिला पगार झाला त्या दिवशी महाडच्या बाजारातून पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. आम्हा सगळ्यांना वाटले आणि उरलेले आमच्यासमोर बसून शांतपणे एकामागून एक खाल्ले. आई घाबरून म्हणाली, "बाय, पोटात दुखंल." तर म्हणते कशी, "दुखू दे. पोट माझं, पगार माझा." पुढे खोऱ्यात बदली झाली तेव्हा तर तिची चंगळच झाली. डोंगरावरच्या वाडीत गाय व्याली की तिथली माणसं बाईंसाठी चीक घेऊन खाली यायची, आणि संध्याकाळी तिच्या खोलीवर खरवस शिजायचा. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जात असे. खरवसाची वडी तोंडात टाकताना ती डोळे मिटून घ्यायची. वर्गात पोरांना दरडावणारी हीच बाई का, असं मला वाटायचं. भावजी लवकर गेले, एकुलती एक लेक रूपाली लग्न होऊन पनवेलला गेली, तरी आक्काच्या घरी गेलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय कधी बाहेर पडला नाही.

निवृत्तीनंतर पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून तपासलं, तर शुगर भरमसाट वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गोड बंद, नाहीतर पायावर येईल, डोळ्यांवर येईल. रूपालीने मला फोनवर रडत रडत गळ घातली, "मावशी, तू तरी लक्ष ठेव. ती माझं ऐकत नाही." माझा स्वभाव आधीच कडक, त्यात आता लेकीनेच अधिकार दिलेला. आक्का दर बुधवारी महाडला यायची, तपासणी असेल तर ती उरकायची, घराची एक किल्ली तिच्याकडेच असे. मी कामावरून येईपर्यंत ती माझ्या घरी वाचत पडायची, मग आम्ही चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारायला जायचो आणि तिथे भांडायचो. "हे बघ," ती एकदा म्हणाली, "मला मत देता येतं. पेन्शनच्या कागदावर सही करता येते. राहतं घर विकायचं म्हटलं तर विकता येतं. आणि जिलेबीला मात्र मला तुमची परवानगी लागते? पोरांना जन्मभर सांगत आले, मोठे झालात की मनासारखं वागा. मी कधी मोठी होणार गो?" मी म्हटलं, "उद्या तुझा पाय कापायची वेळ आली, तर दवाखान्यात उशाशी कोण बसणार? मीच ना? मग ती जिलेबी तुझी एकटीची कशी?" थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "तू वकील व्हायला हवी होतीस. कारकुनीत वाया गेलीस."

त्याच आठवड्यात मी माझ्या स्वयंपाकघरातली सगळी व्यवस्था बदलली. गुळाची ढेप शेजारी देऊन टाकली. पाहुण्यांसाठी साखर तर लागतेच, म्हणून तो डबा वरच्या फळीवर डाळींच्या डब्यांमागे नेऊन ठेवला. वर आईची युक्तीही केली, साखर चमच्याने सपाट करून ठेवायची, म्हणजे कोणी हात घातला की कळावं. आक्का हे सगळं पाहत टेबलाशी बसली होती. ती नुसती हसली. त्यानंतर माझ्याकडे तिला पडवळ, कारलं, नाचणीची भाकरी आणि कोरा बिनसाखरेचा चहा. "छान झालंय," म्हणायची आणि ताट स्वच्छ करायची.

या वर्षी बुद्ध पौर्णिमेला ती विहारातली वंदना आटोपून माझ्याकडे आली. शेजारीपाजारी वाटायला मी खीर केली होती. आक्काचं ताट वेगळं होतं, त्यात खीर नव्हती. जेवण झाल्यावर ती ओट्याशी आली, पातेल्यावरचं झाकण तिने बाजूला केलं आणि म्हणाली, "नुसता वास घेऊ दे." वाकून तिने डोळे मिटले, अगदी खरवस खाताना मिटायची तसे. मी शेजारी डाव हातात घेऊन उभी होते. "वेलची जरा जास्त झालीय," म्हणाली, झाकण परत ठेवलं आणि चपला घालायला गेली. तिला एसटीत बसवून मी हात केला. तीच आमची शेवटची भेट... पुढच्या बुधवारी तो फोन आला.

आक्काच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पोलादपूरला तिच्याच घरी झाला. वंदना झाली, जेवणं उरकली, पुरुषमाणसं ओटीवर बसली, आणि आम्ही बायका आत आवराआवर करत होतो. तिच्या आवडीची म्हणून त्या दिवशी खीरच केलेली होती. ती पाहून प्रकाशची बायको संगीता एकदम हुंदके द्यायला लागली. "माज्या हातचं घावन आनि नारलाचा गोड रस तेवडा खायाची गो आक्का. म्हनायची, संगीता, कुनाला सांगू नको, मी सगळं गोड सोडलंय, फक्त तुझ्या हातचं सोडवत नाय." शेजारीण ताटं पुसत होती, तिचा हात थांबला. "मला पन ह्येच सांगायची की," ती म्हणाली, "पुरनपोळी केली की अर्धी मी भिंतीवरनं द्यायची. फक्त तुझ्या हातची, म्हनायची." मग आम्ही सगळ्यांनी रूपालीकडे पाहिलं. आईवर लक्ष ठेवायला मला सांगणारी रूपाली! तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी आले की नारळाची वडी आणायची," ती म्हणाली, "महिन्यातून एकदाच. ती म्हणायची, वर्षानुवर्षं गोडाला शिवले नाही, फक्त लेकीच्या हातचं..."

आधी हसू फुटलं. कोणी ते आवरलं नाही, सगळ्याजणी डोळे पुसत हसत होत्या, आणि आक्का तिथे असती तर तीही हसली असती. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण प्रत्येकीच्या मनात तीच बेरीज चालू झाली होती. आपली अर्धी पोळी ती काय, एवढ्याशाने काय होतंय, असंच प्रत्येकीला वाटत आलं होतं. आवाज ऐकून प्रकाश आत आला होता, दाराशी उभा होता. त्याने मला विचारलं, "आनि तुज्याकडं काय खायाची गो?"

"पडवळाची भाजी," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. संगीताने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू बराबर केलंस गो. आमीच चुकलो." इतकी वर्षं हेच कोणीतरी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. आणि आता ते ऐकून मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांच्यावर मी संतापलेही. या सगळ्यांनी लाड केले नसते तर आक्का आज असती, असं मनात आलं. पण ते तरी कोणी सांगावं? डॉक्टरांनाही ते ठामपणे सांगता आलं नाही. आणि त्या संतापाच्या तळाशी जे होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, तो हेवा होता. ती सगळ्यांशी खोटं बोलली, पण त्या खोट्याची गोडी त्या तिघींकडे जन्मभर राहील. फक्त तुझ्या हातचं... माझ्या हातचं म्हणून तिने काय मागितलं? खिरीचा वास. आणि मी डाव घेऊन राखणीला उभी. मी बरोबर होते, आणि हे दुःख घेऊन कोणाकडे जावं ते मला कळत नाही. मला तिला जगवायचं होतं, हो. पण तिच्याबरोबर बसून एक वाटी खीर खायचीही होती, आणि दोन्हीतलं काहीच हाती आलं नाही.

परवा शाळेतल्या एक बाई घरी आल्या. त्यांना गोड चहा लागतो. मी नेहमीप्रमाणे स्टूल ओढलं, वर चढले, डाळींचे डबे बाजूला केले आणि हात लांब करून साखरेचा डबा पुढे ओढला. झाकण उघडलं. साखर सपाट होती, मी करून ठेवली होती तशीच. ती नेहमी तशीच असायची, चमचाभरही कमी नाही, आणि दर वेळी मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं. त्या दिवशी मात्र स्टुलावर उभी असतानाच माझ्या लक्षात आलं. ही जागा मी माझ्या उंचीने निवडली होती! मला स्टूल लागतं. आक्काला टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नसत्या. दर बुधवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती या घरात एकटी असायची. किल्ली तिच्याकडे, फळी तिच्या हाताशी, आणि डबा कुठे आहे हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून तर ती तेव्हा हसली होती. बाकी सगळीकडे ती मनासारखं वागली. या घरात मात्र ती माझ्या मनासारखं वागली, आणि त्याबद्दल एका शब्दाने मला कधी बोलली नाही.

बाहेर बाई वाट पाहत होत्या. मी चहा केला, त्यांना दिला, त्या गेल्यावर साखर पुन्हा चमच्याने सपाट केली आणि डबा वर ठेवून दिला. अजून तो तिथेच आहे. आता तो कोणापासून लपवायचा आहे, हे मलाही सांगता येणार नाही. बुधवार आला की मी कामावरून येते, कुलूप मीच उघडते, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या फळीखाली जरा वेळ उभी राहते. इतक्या बुधवारांतून एखाद्या तरी बुधवारी, लहानपणी म्हणायचे तसं, मला म्हणता आलं असतं... आक्का, काढ गो.