चादरीवर जेवलेला माणूस

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी मालाडच्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसते. पन्नासच्या दशकात आमची फिल्म सोसायटी तिथे परदेशी सिनेमे दाखवायची. पडदा म्हणजे आईची पांढरी चादर, त्यामुळे सगळ्या परदेशी माणसांना हाच वास यायचा.

त्या संध्याकाळी सिनेमातला बाप समुद्रात बुडाला. बायको रडली. भाषा कुणालाच कळत नव्हती. मग रीळ बदललं आणि तोच बाप दारातून आत आला, कोट खुंटीला लावून जेवायला बसला.

प्रोजेक्टरपाशी जोशीकाका ओरडले, "वाट लागली! रिळं उलटसुलट झाली रे. थांबवतो."

माझे बाबा जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. अंधारातून आई म्हणाली, "राहू द्या ना, भाऊजी. जेवू दे त्याला."

काकांनी मशीन थांबवलं नाही. तो पाव मोडून सावकाश जेवत राहिला. वाऱ्याने चादर हलली की हसल्यासारखा वाटायचा.

आई सगळ्यांसमोर बोलली म्हणून मला लाज वाटली होती. घरी आल्यावर तिने चादर नुसती घडी करून ठेवली, धुतली नाही.

मीही अजून धुतलेली नाही.