प्रार्थनेचा विषय

मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. देवाला काय कमी ऐकू येतं? आवाज चढला की मी समजते, हे बोलणं देवाशी नाही, सतरंजीवर बसलेल्यांशी चाललंय.

रामवाडीला आमच्या घरी प्रार्थनासभा होती. रोह्याचे पाहुणे मुद्दाम आले होते, आमच्या पोरीला बघायला. मुलगा घरातला धाकटा, डोलवीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. घर कसं, तर एकाही रविवारची उपासना न चुकवणारं. पोरीला तो मनापासून आवडला होता, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला.

आमचे हे पूर्वी प्यायचे. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, त्यानंतर थेंब नाही. रोह्याला हे सावकाश सांगू, असं आमचं ठरलं होतं. चर्चमधल्या एका मावशीला तेवढं मी बोलले होते, गुपचूप प्रार्थना करा म्हणून.

आणि त्या मावशीनं भर सभेत हात वर करून सुरू केलं, "प्रभू, या घरच्या भावाला तू दारूतून सोडवलंस, आता त्याचा पाय पुन्हा घसरू देऊ नकोस."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले होते, फक्त मुलाच्या आईचे उघडे, ह्यांच्यावर रोखलेले. तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले, "आमेन."

चहाच्या वेळी मावशी वर मलाच म्हणते, "किती कळकळीनं मागितलं गो तुझ्यासाठी." मुलाची आई निघताना म्हणाली, "आम्ही प्रार्थना करून कळवतो." आमच्यात याचा अर्थ नकार. पोरगी माझ्याकडे पाठ करून मोरीत भांडी घासत बसली.

आठवड्यानं मुलाच्या आईचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"तुमचे मिस्टर कुठल्या केंद्रात होते? आमच्या थोरल्यासाठी पायजे. कुणाला बोलू नका, प्रार्थनेत पण नाय."

मला दया आली, खरंच आली. मी पत्ता सांगायला लागले आणि मध्येच मनात पाल चुकचुकली. थोरला दोन वर्षं परदेशात आहे, असं चहा पिताना तिनंच सांगितलं होतं.

"थोरल्यासाठी, की नवरदेवासाठी?" मी विचारलं.

"तुम्ही पत्ता तेवढा सांगा," ती म्हणाली. इकडे पोरगी दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली होती.